गाडीच्या उंचीचा ओटा

आप्पाराव कौसडीकर वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढची हकीकत ऐकली की लोक त्यांना चटकन वाईट ठरवून मोकळे होतात, आणि मग कुणालाच स्वतःबद्दल काही विचार करावा लागत नाही.

परभणीच्या मोंढ्यापलीकडं, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं, कापसाची एक जिनिंग होती. तिथं ते आधी कारकून आणि नंतर मॅनेजर होते. उर्दू शाळेतून मॅट्रिक झालेले. उर्दू अक्षर इतकं देखणं, की तहसीलला दरख्वास्त द्यायची असली की लोक सकाळीच त्यांच्या ओसरीवर येऊन बसत. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामशाही गेली, आणखी काही वर्षांनी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि कचेऱ्यांत मराठी आली. चांगलंच झालं, त्याबद्दल आप्पारावांच्या मनातही दुमत नव्हतं. घरात मराठीच बोलत की. पण ज्या अक्षरावर उमर काढली ते वाचणारं कुणी उरलं नाही, आणि मराठीत चार ओळी लिहायच्या म्हटल्या तर कपाळाला घाम. पन्नाशीच्या माणसाला पुन्हा पाटी घेऊन बसवावं, तशी गत. आपल्याला कुणीतरी हसेल ही धास्ती त्यांना तेव्हापासून लागली. ह्या गोष्टीत जे वाकडं झालं ते त्या धास्तीतून झालं.

जिनिंग बंद पडल्यावर मालकाच्या वारसांनी ती जागा गावातल्या शिक्षण मंडळाला दिली आणि १९५८ च्या जूनमध्ये तिथं कॉलेज सुरू झालं. वजनकाटा, पाण्याची टाकी आणि आप्पाराव, हे तिघं इमारतीबरोबरच कॉलेजकडं आले. हुद्दा मिळाला सुपरिंटेंडेंट. बाकं मोजा, छत गळतंय का बघा, शिपायांना हजर ठेवा.

इमारत म्हणजे कापसाचं लांबलचक गोदाम. मधे भिंती घालून त्याचे वर्ग केलेले. पुढच्या अंगाला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, दगडी ओटा होता. बरोबर बैलगाडीच्या उंचीचा. गाडी उलटी रेटून ओट्याला भिडवायची आणि कापूस नुसता आत लोटायचा, उचलायचं काम नाही. जिनिंगला असा ओटा असतोच, त्यात नवल काही नाही.

त्या ओट्यामुळं मनकर्णाला कॉलेजात प्रवेश मिळाला.

मनकर्णा धुरपदाबाईची मुलगी. धुरपदाबाईला पिंगळीला दिली होती. नवरा गेल्यावर ती पोरीला घेऊन परभणीला बापाकडं, मुंजाजीकडं आली. मुंजाजीची गाडी मोंढ्यात पोत्यांची ने-आण करायची, धुरपदाबाई आडतीवर धान्य निवडायला जायची. मनकर्णाला तिसऱ्या वर्षी ताप आला आणि दोन्ही पाय लुळे पडले. बसल्याबसल्या, हातांवर भार देऊन ती सरकत जायची. तळहात सोलू नयेत म्हणून मुंजाजीनं तिला धरायला लाकडी ठोकळे करून दिले होते. गल्लीतल्या मुलींच्या शाळेतून ती मॅट्रिक झाली, आणि चांगली झाली.

प्राचार्य दिनकरराव पुण्याकडून आलेले. विद्वान, स्वच्छ बोलणारे, मनानंही सरळ. ते म्हणाले, "मुलगी हुशार आहे, मान्य. पण तिला वर्गात आणायचं कोणी? मुलगा असता तर चार पोरांनी उचलून नेला असता. ही वयात आलेली मुलगी. शिपायाने उचलायची? गाव काय म्हणेल?"

प्रश्न खोटा नव्हता. म्हातारा मुंजाजी पोरीला उचलण्याच्या पलीकडं गेलेला. धुरपदाबाई दाराशी पदराचं टोक दातात धरून उभी होती आणि मनकर्णा खाली जमिनीवर बसून वर बघत होती. तिच्याबद्दलचं सगळं बोलणं तिच्या डोक्यावरून चाललं होतं.

"उचलायचं कामच काय, साहेब?" आप्पाराव म्हणाले. "ओटा आहे की. हे मुंजाजी, ह्यांनी ह्याच ओट्यावर जन्मभर कापूस उतरवला. गाडी लावतील, पोरगी सरकत आत जाईल. वर्गाला उंबरा आहे तेवढा मी काढून टाकतो."

आणि काढला. जूनच्या त्या सोमवारी मुंजाजीनं बैलांना 'हो, हो' करत गाडी मागं रेटली, ओट्याला लावली आणि हाक मारली, "मनीजर, माल आलाय. वजनात कडता कापू नका बरं का."

"आजा, मी काय सरकी हाय का?" मनकर्णा म्हणाली, आणि ठोकळ्यांचा टक टक आवाज करत सरळ वर्गात गेली. हातांच्या जोरावर बाकावर चढली, साडी सारखी केली आणि फळ्याकडं बघत बसली. शेजारी बसलेल्या दोघी मुलींनी तिच्याकडं पाहिलं. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

त्या दिवशी आप्पारावांनी घरी जाऊन बायकोला, छबूबाईंना, सगळं रंगवून सांगितलं. "प्राचार्य अडले होते. मीच तोड काढली."

"तुम्ही काढली? ओटा तर आधीपासून तिथंच होता," छबूबाई म्हणाल्या. पण त्यांनाही बरं वाटलं होतं.

पावसाळा असा गेला. दरम्यान गावातली पोरं कॉलेजला 'सरकी कॉलेज' म्हणायला लागली. बाहेरून व्याख्यानाला आलेल्या एका पाहुण्यानं ओट्यावर उभं राहून विचारलं, "इथं प्रवेश देता की माल उतरवून घेता?" सगळे हसले. दिनकररावही हसले. आप्पारावांनी हसून पाहिलं, पण त्यांना ते जमलं नाही. हसणं आपल्यावरच आहे, आपल्या उर्दूवर, आपल्या कोटावर, जिनिंगमधून उचलून आणलेल्या आपल्या हुद्द्यावर आहे, असं त्यांना वाटलं. तसं काही नव्हतं. पाहुण्याला ते कोण हेसुद्धा माहीत नव्हतं.

मग बातमी आली, की जानेवारीत विद्यापीठाची कमिटी कॉलेज बघायला येणार. दिनकरराव म्हणाले, "आप्पाराव, दर्शनी भाग जरा कॉलेजसारखा दिसायला हवा. बघा, काय करता येतं."

एवढंच म्हणाले. फोडा, असं म्हणाले नाहीत. पुढं आप्पारावांना जेवताना, टोपी घालताना, कधीही आठवत राहिलं ते हेच, की फोडा असं कुणीच म्हणालं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी बन्सीधर मिस्त्रीला बोलावलं आणि ओटा काढायला लावला. त्या जागी भिंतीलगत कर्दळीचे वाफे, आणि मधोमध शहाबादी फरशीच्या रुंद पायऱ्या, दोन बाजूंना दोन गोल खांब. फाटकावर मराठीत पाटी: गाडीबैल आत आणू नये. शेणाचे पो कमिटीला दिसायला नकोत. ती पाटी रंगवण्याआधी आप्पारावांनी मजकूर मराठीच्या मास्तरांना दोनदा दाखवून घेतला.

काम चालू असताना धुरपदाबाई आडतीवरून परत जाता जाता आत आली. काखेत सूप होतं.

"मनीजर साहेब, वटा कामून फोडायलेत?"

"कमिटी यायलीय, बाई. मुआयना आहे. पायऱ्या व्हायच्यात."

"मंग आमची गाडी कुठं लावायची?"

"काहीतरी इंतजाम करू."

"काय करणार?"

"करू म्हणालो ना."

बन्सीधरचा घण दगडावर पडत होता. "वटा हाय की, असं तुमीच म्हणाला व्हता," ती म्हणाली आणि गेली.

आप्पारावांच्या मनात खरंच इंतजाम होता. टोकाच्या दारापुढं गाडीपुरता ओटा तसाच ठेवायचा असं त्यांनी बन्सीधरला सांगितलंही होतं. बन्सीधर म्हणाला, "ठिवतो की. पण बोळक्यात एकच दात राहिल्यावानी दिसल, बघा." आप्पाराव फाटकापर्यंत चालत गेले आणि तिथून वळून पाहिलं. खरंच तसं दिसत होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर कोट-टायमधली माणसं आली, तो दगडाचा तुकडा बघून थांबणारी, हे काय म्हणून विचारणारी, आणि मग एकमेकांकडं बघून हसणारी. मनकर्णाही आली असेल डोळ्यांसमोर; आली नाही असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

"काढ तोही," ते म्हणाले.

सुट्टी संपली. मुंजाजीनं गाडी फाटकाबाहेर थांबवली, पाटी त्याला वाचता येत नव्हती, मनकर्णानं वाचून दाखवली. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत ती खडीवरून ठोकळे टेकत आली. पायऱ्यांशी आल्यावर वळली, पायऱ्यांकडं पाठ केली आणि हातांवर अंग उचलून एकेक पायरी मागं मागं चढायला लागली. पायऱ्यांवर पोरं बसली होती. काही उठली, काही तशीच राहिली. हसलं कुणी नाही. पण सगळे तिच्याकडं न बघण्याचा असा काही खटाटोप करत होते, की हसले असते तरी परवडलं असतं. मधे साडी पायाखाली अडकून ओढली गेली. तिनं थांबून ती सोडवली, पदर खोचला आणि पुन्हा चढायला लागली.

पायऱ्यांसमोरच्या खोलीत आप्पारावांचं टेबल होतं. त्यांनी हे सगळं पाहिलं आणि उठले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून धुरपदाबाई बरोबर यायला लागली. पायऱ्यांशी ती ओणवी व्हायची, मनकर्णा मागून तिच्या गळ्यात हात टाकायची, आणि ती बाई वयात आलेल्या लेकीला पाठुंगळी घेऊन वर चढायची. आत बाकावर बसवून पळत आडतीवर. दुपारी पुन्हा. बायकांनी तोंडाला पदर लावून 'अगंबाई' म्हटलं, प्राध्यापकांनी 'काय ती माय' म्हटलं. माय कशी आहे हे सगळ्यांना दिसलं, तिला हे करायला का लागतंय हे कुणी विचारलं नाही. आणि ज्यांना विचारायची गरजच नव्हती, ज्यांना ते पक्कं ठाऊक होतं, त्यांनी आपलं टेबल फिरवून भिंतीकडं तोंड केलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून छबूबाई परत आल्या. "सगळ्या जणी पायऱ्यांचं कौतुक करायल्यात," त्या म्हणाल्या. "तुमच्या यजमानांनी काय थाट केला म्हणे. मी तिळगूळ घेतला आणि गप बसले."

"गप कशाला?"

"धुरपदाबाई अंगणातच बसली होती. सवाष्णींत विधवेला कोण बोलावतं? वाती वळून द्यायला आली होती. ती ऐकत होती ना."

आप्पारावांनी ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"खा की," छबूबाई म्हणाल्या. "उपाशी राहून पायऱ्या कमी होतात का?"

कमिटी यायच्या आदल्या दिवशी दुपारी आप्पाराव पायऱ्यांशी उभे राहिले. धुरपदाबाई लेकीला पाठीवर घेऊन उतरत होती. ती खाली आल्यावर ते म्हणाले, "बाई, उद्या पोरीला घरीच ठेवा."

"कामून?"

"गर्दी राहील. मोठी माणसं यायलीत. तिला तकलीफ होईल."

"तिला, का तुमाला?"

धुरपदाबाई वाकलेली, तिची नजर त्यांच्या छातीपर्यंतच पोचत होती. तिच्या खांद्यावरून मनकर्णाचा चेहरा मात्र बरोबर त्यांच्या चेहऱ्यासमोर होता.

"काका, उद्या गणिताचा तास हाय," ती म्हणाली.

"एकच दिवस, पोरी."

"बरं." मग आईला म्हणाली, "चल गं."

ती 'बरं' इतकं साधं म्हणाली, की आप्पाराव बराच वेळ तिथंच उभे होते. तिनं भांडायला हवं होतं. भांडली असती तर त्यांनाही चढ्या आवाजात काहीतरी बोलता आलं असतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी शिपायांकडून पायऱ्या धुऊन घेतल्या आणि फरशीला जवसाचं तेल चोळून घेतलं. शहाबादी फरशी तेलानं काळीभोर दिसते, घरोघरी करतात तसं. दुसऱ्या दिवशी कमिटी आली. कोट होते, टाय होते. अध्यक्ष पायऱ्यांसमोर थांबले आणि म्हणाले, "जिनिंग होती म्हणे इथं. वाटत नाही हो. कल्पना कोणाची?" दिनकररावांनी आप्पारावांना पुढं केलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी चारचौघांत त्यांची पाठ थोपटली.

"विद्यार्थिनी किती?"

"तीन," दिनकरराव म्हणाले.

"दोनच दिसतात."

दिनकरराव गडबडले. त्यांना ती का नाही हे ठाऊकच नव्हतं. आप्पाराव म्हणाले, "तिसरी बीमार आहे, साहेब."

कमिटी गेली. चहाचे कप गेले, हार गेले. फरशीवरचं तेल राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपदाबाई लेकीला घेऊन चढताना वरच्या पायरीवर घसरली. पडताना तिनं अंग असं वळवलं, की मनकर्णाचं डोकं दगडावर आपटू नये. सगळा भार तिनं आपल्या कंबरेवर घेतला. आप्पारावांनी भिंतीकडं तोंड असताना तो आवाज ऐकला. ह्या वेळी ते धावले. धुरपदाबाई डोळे मिटून पडली होती. मनकर्णा शेजारी बसून आईचा पदर सारखा करत होती. त्यांना बघून ती फक्त म्हणाली, "काका, आज्याला बोलवा."

त्यानंतर ती कॉलेजला आली नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. आप्पारावांची जायची हिंमत होईना. त्यांनी छबूबाईंना पाठवलं. छबूबाई शेरभर दूध घेऊन गेल्या आणि सांज व्हायच्या आत आल्या.

"हाड बसवणाऱ्यानं पट्टा बांधलाय. कूस बदलता येत नाही तिला," त्या म्हणाल्या. "पोरगी चुलीपाशी बसून भाकरी करायलीय. मला घोंगडी टाकली, चहा दिला. तुमचं नावसुद्धा काढलं नाही दोघींनी. शिव्या दिल्या असत्या तर मी तरी सुखानं परत आले असते."

"आणि?"

"आणि काय? धुरपदाबाईचा पिंगळीचा दीर येऊन गेला. म्हणतो, लय झालं शिकणं. परीक्षेला जाता येत नसल तर शिमग्यानंतर पोरीला घेऊन जातो. गोठ्याशेजारी खोली आहे म्हणे. बसल्याबसल्या डाळ निवडील."

परीक्षा मार्चमध्ये होती. आप्पाराव दुसऱ्या दिवशी दिनकररावांसमोर जाऊन उभे राहिले. टोकाला गाडीपुरता ओटा परत बांधू द्या, म्हणाले.

"कमिटीचा अहवाल यायचाय, आप्पाराव. आत्ताच तोडफोड? जूनमध्ये बघू."

"जूनपर्यंत ती गेलेली असेल, साहेब."

"घरी अभ्यास करू दे. हजेरीचं मी सांभाळतो. परीक्षेला येऊ दे थेट."

"परीक्षा कुठं आहे? ह्या पायऱ्यांच्या वरच ना?"

दिनकररावांनी चष्मा काढला, पुसला. ते कठोर नव्हते, पण खरं बोलायची त्यांना सवय होती. "पायऱ्या तुम्ही केल्यात," ते म्हणाले. "मी फक्त दर्शनी भाग म्हणालो होतो. ती बीमार आहे, असं कमिटीला मी सांगितलं नाही."

आप्पाराव तिथून निघाले ते तडक मुंजाजीच्या घरी गेले. पत्र्याचं घर, दारात बैल. मनकर्णा उंबऱ्याच्या आत पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. आतून कण्हल्याचा आवाज आला आणि थांबला. बाहेर कोण आलंय ते आत कळलं असावं.

आप्पाराव बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पोरी, माझ्या हातून चूक झाली," ते म्हणाले.

"हो," मनकर्णा म्हणाली.

त्यांनी वाट पाहिली. मग त्यांनी सगळं सांगायला सुरुवात केली, पाहुणा काय म्हणाला, पोरं काय म्हणत होती, आपल्याला कसं वाटलं, टोकाचा ओटा आपण ठेवणारच होतो. माणसाला अपराधी वाटायला लागलं की तो लांबण लावतो. ऐकणाऱ्याला किती वेळ आहे हे बघत नाही. मनकर्णानं बोट पुस्तकात अडकवून थोडं ऐकलं.

"काका," ती मग म्हणाली, "हे आईला सांगा, तिला वाटलं तर ती ऐकल. मला परीक्षेला जायचंय. मला गाडी लावायला जागा पायजे. ती करणार हाव का तुमी?"

"प्राचार्य जूनमध्ये म्हणतात."

"मी तुमाला इचारायलेय."

आप्पारावांनी आतल्या अंधाराकडं पाहिलं. आत जाऊन धुरपदाबाईसमोर उभं राहायला हवं होतं. ते उठले, टोपी घातली आणि तसेच बाहेर पडले. तेवढं त्यांच्यानं झालं नाही.

रविवारी कॉलेज बंद होतं. त्यांनी बन्सीधरला बोलावलं. फोडलेल्या ओट्याचे दगड मागच्या अंगाला पडूनच होते. टोकाच्या वाफ्यातली कर्दळ आप्पारावांनी स्वतः उपटली. बन्सीधरनं दगड रचले, मधे मुरूम भरला, वर फरशा टाकल्या.

"चुना कालवू का?" त्यानं विचारलं.

"नको. सध्या असाच राहू दे."

बन्सीधरनं त्यांच्याकडं पाहिलं आणि थापी बाजूला ठेवली. विनाचुन्याचे दगड का रचले हे आप्पाराव स्वतःलाही सांगत नव्हते, पण कारण साधं होतं. प्राचार्य भडकले तर एका दुपारीत उचलून ठेवता आले असते. चूक सुधारतानासुद्धा त्यांनी मागं जायला वाट ठेवली होती. संध्याकाळी फाटकावरची पाटी काढून त्यांनी सामानाच्या खोलीत उलटी लावून ठेवली आणि गाडी आत आणा, असा मुंजाजीला शिपायाकडून निरोप धाडला.

सोमवारी दिनकरराव आले, टोकाशी जाऊन थांबले. आप्पाराव शेजारी. "हे उन्हाळ्यापुरतं ना?" दिनकररावांनी विचारलं.

"हो, साहेब. उन्हाळ्यापुरतं."

दिनकरराव मान हलवून आत गेले. तेवढ्यात मुंजाजीची गाडी फाटकातून आत आली. म्हाताऱ्यानं बैलांना थोपवलं, वळवलं, मागं रेटलं. आप्पाराव गाडीला हात द्यायला पुढं झाले.

"काका, बाजूला व्हा जरा," मनकर्णा म्हणाली. "गाडी लागू द्या."

ते बाजूला झाले. गाडी ओट्याला भिडली, मनकर्णा सरकत उतरली आणि ठोकळे टेकत वर्गाकडं गेली. वळून पाहिलं नाही. आप्पारावांना वाटलं होतं ती बघेल. काही बोलणार नाही, पण बघेल.

"येऊ का, मनीजर?" मुंजाजी म्हणाला. "मोंढ्यात पोती पडलीत."

"धुरपदाबाई कशा आहेत?"

"भिंतीला धरून उभी राहती. वाकता येत न्हाई. आडतीवरचं काम गेलं, कंबर मोडलेल्या बाईला कोण ठिवतंय?" हे त्यानं हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. "तिनं इचारलंय, ह्यो वटा राहणार हाय, का पुन्ना कुणी बघायला आलं की काढायचाय?"

आप्पारावांनी ओट्याकडं पाहिलं. गाडी भिडली तेव्हा वरच्या रांगेतला एक दगड बोटभर पुढं आला होता. मुंजाजीनंही तो पाहिला. खाली उतरून त्यानं तळहातानं दगड आत लोटला. दगड गेला, आणि हात काढताच पुन्हा थोडा बाहेर आला.

"राहणार म्हणून सांगा," आप्पाराव म्हणाले.

बैलांचा कासरा सोडवत, गाडीवर चढत, मुंजाजीनं पुरेसा वेळ घेतला. मग म्हणाला, "तुमीच येऊन सांगा की एकदा. मी सांगितलेलं तिला खरं वाटायचं न्हाई."

गाडी गेली. आप्पारावांनी त्या दगडाला पायानं टेकू देऊन पाहिलं, मग शिपायाला हाक मारून बन्सीधरला निरोप धाडला: चुना घेऊन ये, आजच. बन्सीधर दुपारच्या आत आला, फाटकाशी चुन्याच्या पाट्या उतरवून उभा राहिला आणि विचारलं, "मोठ्या साहेबांचा हुकूम झाला का?"

"तू कालव," आप्पाराव म्हणाले आणि दिनकररावांच्या खोलीत गेले. दारात टोपी सारखी केली. दिनकरराव लिहीत होते.

"साहेब, उन्हाळ्यापुरतं म्हणालो, ते खोटं बोललो. पक्का बांधायलोय. चुना आणवलाय."

दिनकररावांनी लेखणी खाली ठेवली. "आप्पाराव, बसा जरा. शांतपणे बोलू."

"नंतर बसतो," आप्पाराव म्हणाले. "मिस्त्री खोळंबलाय. आणि तिथून मला मुंजाजीच्या घरी जायचंय."